नवं विमान किट अचूक आहे का? आधी कागद तपासा, मग प्लॅस्टिक

पी-५१डी मस्टँग या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लढाऊ विमानाच्या प्लॅस्टिक मॉडेलचं १/४८ स्केलमधलं (खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं) एक नवं किट मी जवळजवळ दोन महिने कपाटात टाकून ठेवलं होतं. धडाचा अर्धा भाग छापून घेतलेल्या ड्रॉइंगवर ठेवून पाहिला, तर तो साडेपाच मिलिमीटर लांब निघाला. एवढी चूक म्हणजे किट वायाच गेलं, असं मी धरून चाललो. मग एका संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी तो कागद हातात आला आणि त्यावरची मोजपट्टी मी सहज कॅलिपरनं मोजली. १०० मिमीची पट्टी ९७ भरली. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला होता आणि प्रिंटरनं सगळं चित्र तीन टक्क्यांनी आखडून टाकलं होतं. किट बरोबर होतं. कागद चुकला होता.

नवं किट आलं की पहिल्या आठवड्यातच त्याच्याबद्दल ठाम मतं कानावर पडू लागतात. नाक जाड आहे, पंख आखूड आहेत, कॅनॉपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) बसकी आहे. यातलं काही खरं असतं, काही नुसतं कुणाच्या तरी डोळ्यांना वाटलेलं असतं, आणि या छंदात नव्यानं आलेल्याला यातलं कोणतं कुठलं हे कळायला मार्ग नसतो. म्हणून एक क्रम सांगतो. त्याचा गाभा एवढाच, की किट ज्याच्याशी ताडून बघणार आहात ते आधी तपासून घ्या. आकडे, ड्रॉइंग, फोटो, सगळं. किटची पाळी त्यानंतर येते.

हाताशी काय हवं

०.१ मिमीपर्यंत दाखवणारा कॅलिपर, स्टीलची पट्टी, मास्किंग टेप, कॅल्क्युलेटर, साधा मोबाइल कॅमेरा आणि सोल्डरिंगची मऊ तार, साधारण वीतभर. तारेचं काम पुढे येईल. सोबत एक वही. मोजलेला प्रत्येक आकडा लगेच लिहायचा, लक्षात ठेवायचा नाही.

पायरी १: नेमकं कोणतं विमान?

बरेचसे वाद इथेच सुरू होतात आणि इथेच मिटायला हवेत. ‘स्पिटफायर’ हे एका विमानाचं नाव नाही, एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे. मार्क ५ ला (मार्क म्हणजे आवृत्ती) तीन पात्यांचा प्रोपेलर आणि पंखांखाली दोन बाजूंना दोन वेगळ्या आकारांचे कूलर; मार्क ९ ला चार पाती आणि दोन्ही बाजूंना सारखे दिसणारे रुंद रेडिएटर. नेहमीच्या पंखांची रुंदी (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) ३६ फूट १० इंच, टोकं कापलेल्या पंखांची साधारण ३२ फूट आणि उंचावर उडण्यासाठी बनवलेल्या काही मार्कांच्या लांब पंखांची ४० फूट २ इंच. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला, तर उत्तम किटसुद्धा चुकीचं ठरेल.

मिग-२१ मध्येही तेच. सुरुवातीच्या एफ-१३ चा उभा शेपूट-पंख अरुंद आणि कॅनॉपी पुढच्या बाजूला बिजागर असलेली. पुढच्या आवृत्त्यांत शेपूट रुंद झालं, पाठीवरचा कणा फुगला आणि कॅनॉपी बाजूला उघडू लागली.

मस्टँगबद्दल तर आणखी खोलात जावं लागतं. पी-५१डी दोन कारखान्यांत बनत होतं, इंगलवूड आणि डॅलस. डॅलसच्या विमानांवर मागून अधिक भरीव असलेली कॅनॉपी दिसते. पहिल्या काही डी विमानांना शेपटापुढचा तो त्रिकोणी उंचवटाही नव्हता. त्यामुळे ‘कॅनॉपीचा मागचा भाग चुकलाय’ असं कुणी म्हणालं, तर माझा पहिला प्रश्न असतो, कोणत्या कारखान्याच्या विमानाशी तुलना केली? विमानाच्या पूर्ण नावात शेवटी ‘एनए’ असेल तर इंगलवूड, ‘एनटी’ असेल तर डॅलस.

तेव्हा डबा उघडल्यावर सूचनापत्रिकेतलं मार्किंग बघा. कोणती आवृत्ती, कोणता गट, कोणता अनुक्रमांक, तो वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. पुढची सगळी तुलना त्याच विमानाशी.

पायरी २: आकडे स्वतः काढा

स्केलचं गणित साधं आहे: खरं माप मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि ७२ नं किंवा ४८ नं भागायचं. १/७२ आणि १/४८ हे आकडे विचित्र वाटतात, पण ते फूट-इंचांतून आले आहेत. १/७२ मध्ये एक इंच म्हणजे सहा फूट, १/४८ मध्ये एक इंच म्हणजे चार फूट. १९३६ मध्ये ब्रिटनमध्ये आलेली ‘फ्रॉग पेंग्विन’ ही सुरुवातीची प्लॅस्टिक किट्स १/७२ चीच होती. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलानं शाळकरी मुलांकडून शत्रूची आणि मित्रांची विमानं ओळखायला लाकडी मॉडेल बनवून घेतली, तीही याच स्केलची. ३५ फुटांवर धरलेलं १/७२ चं मॉडेल जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. विमान ओळखायला बाह्याकृती लागते, रिव्हेट लागत नाहीत. किट तपासतानाही मी तोच अग्रक्रम धरतो.

आता मस्टँगचं उदाहरण करून पाहू. पंखांची रुंदी ३७ फूट, म्हणजे ११,२७८ मिमी. ४८ नं भागलं की २३५.० मिमी. लांबी ३२ फूट ३ इंच, म्हणजे ९,८३० मिमी; मॉडेलवर २०४.८. हॅमिल्टन स्टँडर्ड प्रोपेलरचा व्यास ११ फूट २ इंच, मॉडेलवर ७०.९. मुख्य चाकाचा टायर २७ इंची, मॉडेलवर १४.३. हे चार आकडे वहीत आले की अर्धी लढाई जिंकली.

दोन खबरदाऱ्या घ्या. एक म्हणजे, मूळ माप फूट-इंचांत असेल तर मीटरमधला छापील आकडा उचलू नका, रूपांतर स्वतः करा. पुस्तकांत आणि अधिकृत माहितीपत्रकांतही रूपांतराच्या चुका सापडतात, आणि त्या एकातून दुसऱ्यात उतरत जातात.

दुसरी म्हणजे, आकडा कशापासून कशापर्यंतचा आहे ते बघा. एफ-१६ ची रुंदी कुठे ३१ फूट दिली असते, कुठे ३२ फूट ८ इंच. टोकांवरची क्षेपणास्त्रं धरली की नाही, यावर ते ठरतं. हा २० इंचांचा फरक १/४८ मध्ये साडेदहा मिलिमीटर होतो! मिग-२१ च्या लांबीत नाकापुढची पिटो नळी कधी मोजलेली असते, कधी नसते. शेपटावर टेकून उभ्या राहणाऱ्या विमानांची उंची तर मी मोजतच नाही. विमान जमिनीवर उभं की आडवं धरलेलं, प्रोपेलरचं पातं वर की बाजूला, यावर ती पार बदलते.

पायरी ३: ड्रॉइंगवर किती विश्वास ठेवायचा

माझी चूक वर सांगितलीच. कोणतंही ड्रॉइंग छापलं की आधी त्यावरची मोजपट्टी मोजा, आडवी आणि उभी दोन्ही दिशांनी, कारण काही प्रिंटर एका दिशेला जास्त ताणतात. मोजपट्टी नसेल तर पंखांची रुंदी मोजून पायरी २ च्या आकड्याशी ताडा. रेषेची जाडीही विसरू नका. पाव मिमी जाडीची रेषा १/७२ मध्ये १८ मिमी असते. रेषेच्या आतल्या कडेला मोजलं की बाहेरच्या, एवढ्यानंही निकाल बदलू शकतो.

पण खरी अडचण छपाईची नसते. ड्रॉइंग कुणीतरी काढलेलं असतं आणि त्या माणसानंही कशावरून तरी काढलेलं असतं. मासिकांत गाजलेली काही ड्रॉइंग्ज वर्षानुवर्षं बरोबर धरली गेली आणि नंतर त्यांत धडाचा काप (आडवा छेद) किंवा शेपटाची उंची चुकलेली निघाली. आता असं समजा, किट बनवणाऱ्यांनी त्याच ड्रॉइंगवरून साचा केला. तुम्ही किटचे भाग त्यावर ठेवले, रेषेला रेषा जुळली, तुम्ही खूश झालात. यातून सिद्ध एवढंच झालं, की दोघांनी एकच चूक केली. तुलना करायची ती किटशी नातं नसलेल्या गोष्टीशी. साक्षीदार आरोपीच्या घरचा असून चालत नाही.

मग नातं नसलेलं काय? सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे विमानाच्या दुरुस्ती-देखभालीच्या मूळ पुस्तिकांतला स्टेशन आराखडा. विमान बांधणारे एका ठरलेल्या बिंदूपासून धडाच्या प्रत्येक आडव्या चौकटीचं अंतर मोजून तिला क्रमांक देतात, आणि अमेरिकी विमानांत तो क्रमांक म्हणजे सरळ इंच असतात. दोन चौकटींमध्ये ४० इंच असतील, तर १/४८ मध्ये २१.२ मिमी. या चौकटींच्या जागी बाहेरून पॅनेल लाइन (पत्र्यांच्या सांध्याची रेघ) किंवा रिव्हेटची ओळ येते, म्हणून किटवरही ते अंतर मोजता येतं. नुसती एकूण लांबी बरोबर असून भागत नाही. नाक तीन मिलिमीटर लांब आणि शेपूट तीन मिलिमीटर आखूड असलं तरी बेरीज बरोबरच येते. स्टेशनवार मोजलं की लबाडी उघडी पडते.

हल्ली डब्यावर ‘खऱ्या विमानाचं लेझर स्कॅनिंग करून बनवलेलं’ असं लिहिलेलं असतं. हे चांगलंच आहे, पण स्कॅन कशाचं केलं, तेही विचारा. जतन केलेली विमानं अनेकदा पुन्हा बांधलेली असतात. कुठे दुसऱ्या आवृत्तीचं शेपूट बसवलेलं, कुठे पत्रा नवा, कुठे बंदुकांची भोकं बुजवलेली. स्कॅनर समोरची वस्तू प्रामाणिकपणे मोजतो. ती वस्तू ऐंशी वर्षांपूर्वी तशीच होती का, हे त्याला माहीत नसतं.

पायरी ४: फोटो वाचायला शिका

फोटोवर पट्टी ठेवून मोजणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. मस्टँगचा बाजूनं काढलेला फोटो घ्या. कॅमेऱ्याकडच्या पंखाचं टोक धडापेक्षा साडेपाच मीटर जवळ असतं. फोटोग्राफर ११ मीटरवर उभा असेल, तर ते टोक त्याला धडाच्या मानानं दुप्पट मोठं दिसेल. तोच ११० मीटरवर गेला, तर फरक जेमतेम पाच टक्क्यांवर येतो. म्हणून तुलनेसाठी लांबून टेलिफोटो लेन्सनं काढलेले फोटो शोधा. जवळून काढलेले फोटो बारकाव्यांसाठी ठेवा, आकारासाठी नकोत.

मोजण्याऐवजी ‘कशाच्या खाली काय येतं’ ते बघा. विंडस्क्रीनच्या पायथ्यापासून सरळ खाली आलं तर पंखाच्या पुढच्या कडेपासून किती मागे पोहोचतो? कॅनॉपीचा मागचा शेवट पोटाखालच्या रेडिएटरच्या कोणत्या भागावर येतो? एक्झॉस्टच्या नळकांड्यांची ओळ वाढवली तर ती कॉकपिटच्या कडेला कुठे लागते? अशी सात-आठ नाती लिहून काढा आणि किटवर तीच शोधा. धडावरच्या या खुणा कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे अशा तुलनेत फसगत कमी होते.

याहून पक्की युक्ती म्हणजे मॉडेलचा फोटो त्याच नजरेतून काढणं. खरा फोटो ३६ मीटरवरून काढला असेल, तर १/७२ चं मॉडेल बरोबर ५० सेंटिमीटरवरून टिपायचं, १/४८ चं ७५ सेंटिमीटरवरून. उंचीही तशीच हवी. उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण १६० सेंटिमीटरवर. १/७२ मध्ये ते होतात २२ मिलिमीटर, १/४८ मध्ये ३३. एवढ्या खाली कॅमेरा न्यायचा तर मोबाइल उलटा धरा, लेन्सची बाजू टेबलाला टेकवून. आणि झूम करून जवळ आणा, मोबाइल पुढे सरकवू नका. दृश्य आकसतं-पसरतं ते अंतरामुळे. पहिल्यांदा असा फोटो काढून मी खऱ्या फोटोशेजारी ठेवला, तेव्हा ‘नाक फुगीर आहे’ ही माझी महिनाभराची तक्रार तिथल्या तिथे विरली. नाक फुगीर नव्हतं, मी ते दहा सेंटिमीटरवरून बघत होतो.

पायरी ५: टेपनं जोडा, मगच मोजा

स्प्रूवरच्या, म्हणजे किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरच्या, भागांवरून निकाल देऊ नका. पंख धडाला कुठे आणि कसा बसतो, यावर रुंदी ठरते. धडाचे दोन भाग जुळल्यावरच त्याची जाडी कळते. मोठे भाग स्प्रूवरून नीट कापा, कापलेल्या जागेचे उंचवटे घासून काढा आणि मास्किंग टेपनं सगळं विमान उभं करा. गोंद अजिबात नको. उंचवटा राहून गेला तर तोच अर्धा मिमी फट पाडतो आणि आपण साच्याला दोष देतो.

आता कॅलिपर घ्या. रुंदी आणि लांबी मोजा आणि अपेक्षित आकड्याशी टक्क्यांत ताडा. इथे एक खूण लक्षात ठेवा. पॉलिस्टायरीन साच्यात थंड होताना साधारण ०.३ ते ०.७ टक्के आखडतं. साचा करणारे त्याची भरपाई धरतात, पण ती नेहमी तंतोतंत बसतेच असं नाही. सगळीच मापं सारख्याच टक्क्यांनी कमी भरली, तर तो आखडण्याचा परिणाम असण्याची शक्यता मोठी, आणि तो डोळ्यांना दिसणार नाही. रुंदी बरोबर आणि फक्त नाक आखूड, असं असेल तर ती आकाराची चूक. मी घाबरतो ती या दुसऱ्या प्रकाराला.

मग विमान समोरून बघा. ही बाजू सगळ्यात दुर्लक्षित, आणि सगळ्यात जास्त बोलकीही. पंखांची टोकं वर किती उचललेली आहेत, म्हणजे डायहेड्रल, ते इथे कळतं. स्पिटफायरला ६ अंश, मस्टँगला ५. मिग-२१ चे पंख उलट २ अंश खाली झुकलेले. एफ-४ फँटममध्ये पंखांचे बाहेरचे भाग १२ अंश वर आणि मागचे आडवे पंख २३ अंश खाली. हे कोन चुकले तर ते फँटम वाटतच नाही. कोनमापक लागत नाही. १०० मिमी अंतरावर एक अंश म्हणजे पावणेदोन मिमी. पुढच्या कडेची उंची मुळाशी आणि टोकाशी मोजा, फरक काढा, झालं. नुसत्या वरच्या पृष्ठभागावरून मोजू नका, कारण पंख टोकाकडे पातळ होत जातो आणि वरची बाजू खऱ्यापेक्षा सपाट वाटते.

पंखाचा पीळही बघा. स्पिटफायरचा पंख मुळाशी २ अंश वर रोखलेला आणि टोकाशी अर्धा अंश खाली, म्हणजे मुळापासून टोकापर्यंत अडीच अंशांचा पीळ. शिवाय पोटाखाली, पंखाच्या मागच्या कडेला धडाजवळ एक हलका खालचा बाक असतो. कित्येक किट्समध्ये तो सपाट होऊन जातो. हा बाक असेल, तर साचा करणाऱ्यानं विमान खरोखर बघितलं आहे, असं मी समजतो.

आता ती सोल्डरची तार. धडाच्या एका ठरलेल्या जागी, समजा कॉकपिटच्या लगेच मागे, तार वरून खालपर्यंत अर्ध्या धडाभोवती गुंडाळा आणि बोटानं हळूहळू दाबत जा. कुठेही पोकळी राहू देऊ नका. मग न वाकवता अलगद काढून कागदावर ठेवा आणि आतल्या कडेनं टोकदार पेन्सिल फिरवा. धडाचा काप कागदावर उतरला. स्टेशन आराखड्यात किंवा पुस्तिकेत त्या चौकटीची रुंदी आणि उंची दिली असेल तर ती ताडा; नसेल तर समोरून-मागून लांबून काढलेल्या फोटोतला आकार बघा, की बाजू सपाट आहेत की फुगलेल्या, पोट गोल आहे की चपटं. नाक, कॉकपिटच्या मागे आणि शेपटापुढे असे तीन काप पुरतात. बाजूनं अगदी बरोबर दिसणारं धड समोरून डब्यासारखं चौकोनी निघू शकतं, आणि ते कुठल्याच बाजूच्या ड्रॉइंगवर सापडत नाही.

पायरी ६: चेहरा

विमानाचा चेहरा म्हणजे नाक, विंडस्क्रीन, कॅनॉपी. इथे सहनशक्ती कमी ठेवा. २३५ मिमीच्या रुंदीत एक मिमीची चूक अर्ध्या टक्क्याहून कमी. तीच चूक १२ मिमी उंचीच्या कॅनॉपीत आठ टक्के, आणि ती लांबूनही खुपते. विंडस्क्रीनचा कोन, कॅनॉपीचा सर्वांत उंच बिंदू पुढे आहे की मागे, चौकटींच्या पट्ट्यांची रुंदी, हे बघा.

एक गैरसमज दूर करायला हवा. एफ-१६ च्या कॅनॉपीवर मधोमध साच्याची शिवण दिसली की लोक नाराज होतात. खऱ्या कॅनॉपीचा काप खाली थोडा आत वळलेला आहे. तो आकार साच्यातून काढायचा, तर साचा तुकड्यांत उघडावा लागतो आणि शिवण राहते. म्हणजे इथे शिवण ही अचूकतेची खूण आहे. ती घासून, पॉलिश करून जाते. शिवण नसलेली पण सरळ उतरलेली कॅनॉपी कशानंही दुरुस्त होत नाही.

प्रोपेलरच्या पात्यांचा पीळ कोणत्या दिशेला आहे तेवढं बघून घ्या. कॉकपिटमधून पाहिलं तर मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरचा प्रोपेलर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, ग्रिफन इंजिनाच्या उलट.

पायरी ७: पृष्ठभाग, पण शेवटी

पॅनेल लाइन आणि रिव्हेट पहिल्यांदा डोळ्यांत भरतात, म्हणूनच मी ते शेवटी ठेवतो. ०.२ मिमी रुंदीची कोरलेली रेघ १/७२ मध्ये १४ मिमीहून रुंद होते. खऱ्या विमानात पत्र्यांमध्ये एवढी फट नसते. ही सगळ्याच किट्सची मर्यादा आहे, रंगाखाली ती बरीचशी मवाळ होते. तेव्हा रेघ किती रुंद, यापेक्षा ती तिथे असायला हवी का, हे विचारा.

मॉस्किटोचं उदाहरण मला फार आवडतं. ते विमान लाकडाचं, प्लायवूड आणि बाल्सा यांच्या थरांचं. त्याचं धड साच्यावर डावं-उजवं असं दोन अर्ध्यांत बनवून मग चिकटवत, अगदी आपल्या किटसारखं! त्यावर धातूच्या विमानासारखं रिव्हेटांचं जाळं कोरलेलं असेल, तर ते चूकच. हरिकेनचं नाक धातूच्या पत्र्याचं, पण मागचं धड लाकडी पट्ट्यांवर ताणलेल्या कापडाचं. तिथे कापड पट्ट्यांमध्ये किंचित बसलेलं दिसायला हवं, पत्र्याचे सांधे नकोत. स्पिटफायरच्या धडावर सुरुवातीला घुमटासारखे रिव्हेट होते आणि पंखांवर सपाट. सगळीकडे सपाट रिव्हेट खरंच हवेत का, हे ठरवायला त्या काळी अभियंत्यांनी वाटाण्याची डाळ सपाट रिव्हेटांवर चिकटवून विमान उडवून पाहिलं आणि वेग किती घटतो ते मोजलं. एक उंचवटा किती महत्त्वाचा, हे त्या लोकांना आपल्याहून चांगलं ठाऊक होतं.

आणि पुन्हा मस्टँग. त्याच्या पंखावरून हवा सुरळीत वाहावी म्हणून कारखान्यात पुढच्या मोठ्या भागातले सांधे आणि रिव्हेट लांबीनं (म्हणजे पुटीनं) बुजवून, घासून, वर रंग देत. म्हणजे चकचकीत अॅल्युमिनियमच्या मस्टँगचेही पंख बऱ्याचदा चंदेरी रंगाचे आणि गुळगुळीत असत. आज उडणाऱ्या जीर्णोद्धार केलेल्या कित्येक मस्टँगांच्या पंखांवर पत्रा उघडा आणि रिव्हेट दिसतात. किटच्या पंखावर पुढेही रिव्हेटांची दाटी असेल, तर ती युद्धकाळातल्या विमानाची नव्हे. लांबी भरून ती बुजवणं एका संध्याकाळचं काम.

मग निकाल कसा द्यायचा

प्रत्येक चुकीसमोर वहीत दोन गोष्टी लिहा: किती टक्के, आणि दुरुस्त होते का. चाकं, एक्झॉस्ट, प्रोपेलर, खुर्ची हे भाग रेझिनमध्ये वेगळे मिळतात. रिव्हेट बुजतात, रेघा नव्यानं कोरता येतात. डायहेड्रल जोडताना सावरता येतं. धडाचा काप, नाकाचा घेर आणि कॅनॉपीचा मूळ आकार यांना हात लावणं नवख्याचं काम नाही. माझा अंदाज विचाराल तर मोठ्या मापांत एक टक्क्यापर्यंतचा फरक मी सोडून देतो. चेहऱ्यात तीन टक्के झाले की थांबून विचार करतो.

किट अजून यायचं असेल आणि फक्त संगणकावरची चित्रं फिरत असतील, तर निकाल राखून ठेवा. तीच गोष्ट चाचणीसाठी ओतलेल्या पहिल्या भागांची. त्यानंतरही साच्यात बदल होतात. डब्यातून हातात आलेलं प्लॅस्टिकच खरं. आणि इतरांना चूक सांगाल तेव्हा ‘नाक चुकलंय’ एवढ्यावर थांबू नका. कोणती आवृत्ती, कुठून कुठपर्यंत मोजलं, किती हवं होतं, किती भरलं आणि ते हवं असलेलं माप कुठून आलं, हे सांगा. म्हणजे दुसरा माणूस तेच मोजून तुम्हाला दुजोरा देऊ शकेल किंवा तुमची चूक दाखवू शकेल.

कपाटातल्या त्या मस्टँगचं माझ्या वहीतलं पान असं आहे. रुंदी हवी २३५.०, भरली २३४.२. लांबी हवी २०४.८, भरली २०४.१. दोन्ही एकतृतीयांश टक्क्यानं कमी, म्हणजे आखडणं, सोडून दिलं. प्रोपेलर ७०.९ ऐवजी ७०.६, ठीक. चाक १४.३ ऐवजी १३.४, म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त लहान. रेझिनची चाकं लावणार. तिन्ही काप फोटोंशी जुळले. पंखावर रिव्हेट, लांबी भरायची. कॅनॉपी डॅलसची आणि डब्यातलं मार्किंग मात्र इंगलवूडच्या विमानाचं, म्हणून नावात ‘एनटी’ असलेल्या एका विमानाची डिकल (मॉडेलवर चिकटवायची खुणांची चित्रं) शोधून ठेवली आहे. डबा टेबलावर आला आहे. पंखांवर लांबीचा पहिला हात काल रात्री फिरवला, आज ती घासायची आहे.